घेतलं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

माझी नणंद काचेच्या कारखान्यात होती. तिथे मोठी काच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा घेणाऱ्याने मोठ्याने "घेतलं" म्हणायचं असतं. ते कानावर पडल्यावर देणाऱ्याने "सोडलं" म्हणायचं आणि मगच बोटं सैल करायची. मान हलवलेली चालत नाही, डोळ्यांनी केलेली खूण चालत नाही, नुसतं "हं" तर मुळीच चालत नाही. आमच्या घरी हा नियम माझ्या मुलीला लागू झाला, तेव्हा ती जेमतेम बसायला लागली होती.

तिच्या जन्मानंतर घरातले सगळेच तिच्या नात्याने बोलायला लागले, म्हणून नणंदेला मीही आत्याच म्हणते; नवरा तेवढा अजून ताई म्हणतो. मुलीला आम्ही ढब्बू म्हणतो. तसं का, हे तिला बघितल्यावर कोणी विचारत नाही.

आत्या माझ्या नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की म्हणायच्या, "शिफ्ट जुळली नाही." कुणाशी, ते सांगायच्या नाहीत. कारखान्यात त्या पॅकिंगला लागल्या आणि शेवटी नव्या मुलींना काच धरायला शिकवायच्या. अंगठी नाही, बांगडी नाही, घाई नाही. दारातून जाताना अजूनही अंग तिरकं करून जातात, जसं काही हातात पाच फुटी काच आहे. आयुष्यात आपल्या हातून एकच काच फुटली आणि तीही दुसऱ्याने धरलेली होती, असं त्या सांगतात. खरंखोटं कारखान्याला माहीत.

मग त्यांची बोटं गेली. म्हणजे बोटं जागेवर होती, हलत होती, मूठही वळत होती. फक्त बातमी देत नव्हती. हातात कप आहे की नाही हे त्यांना बघूनच कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवा, गेलेलं परत येणार नाही. ज्या माणसाला काच हाताला लागलेली कळत नाही त्याला काचेजवळ ठेवता येत नाही, हे आत्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं आणि त्या घरी बसल्या.

त्याच सुमारास माझी रजा संपत आली. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. लोकांना तोंड उघडून हसता यावं म्हणून मी दिवसभर तोंड मिटून काम करते आणि घरी आल्यावर ती कसर भरून काढते. मुलीला कोणाकडे ठेवायचं या प्रश्नाने नाकी नऊ आणले होते. नवऱ्याने बहिणीला फोन केला, "ताई, तू आमच्याकडे ये." ताई आल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून दोन कप आणि साखरेच्या बरणीचं झाकण गेलं. नवरा मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजला, "अगं, हिच्या हातून बाळ पडलं तर?"

आत्या दारात तिरक्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "पडेलच. म्हणून मी तिला उचलणारच नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. आत्या पुढे म्हणाल्या, "मला तिला सांभाळायचंय. आजवर माझ्याकडे कोणी मूल दिलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. आता मागते. पण एक सांगून ठेवते, माझ्या चुकीने तिला इजा झाली, नाहीतर होता होता राहिली, तर मी दुसऱ्या दिवशी जाईन. तुम्ही 'जा' म्हणायची वाट बघणार नाही."

त्यांना ढब्बू हवी होती, मला त्या हव्या होत्या, आणि मध्ये ती दहा बोटं होती.

दुसऱ्या दिवसापासून घर खाली उतरलं. पलंगाची गादी जमिनीवर आली. लंगोट बदलायचं टेबल मी हौसेने मांडलं होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे गेले. "जमिनीवरून खाली कोणी पडत नाही," आत्या म्हणाल्या. लंगोट, कापड, पावडर, कोरडे कपडे, सगळं आधी उजव्या हाताला मांडायचं. मूल नंतर आणायचं. एकदा सुरुवात झाली की एक हात मुलावर. घरात फोन वाजो नाहीतर भूकंप होवो, तो हात उठणार नाही. माझी आजवरची रीत उलटी होती. मूल आधी उघडं करायचं आणि मग घरभर लंगोट शोधायचा.

आंघोळीचं पाणी आत्या कोपराने बघायच्या. बाळाचं पाणी कोपरानेच बघतात, असं जाणत्या बायकाही सांगतात. आत्यांना दुसरा इलाजच नव्हता. बादली वापरून झाली की लगेच पालथी. द्राक्ष आडवं नाही, उभं चिरायचं, तेही चार फोडी करून. सुरी मात्र नवऱ्याच्या हातात आणि आत्या शेजारी उभ्या. नवऱ्याने त्या दिवसांत द्राक्षं इतक्या निष्ठेने चिरली की आम्हालाही चिरूनच मिळायची.

चहाचा नियम वेगळा होता. एका वेळी एकच, चहा किंवा मूल. मांडीवर मूल घेऊन चहाचा कप कोणी तोंडाला लावला की आत्या नुसत्या कपाकडे बघत बसायच्या. त्या नजरेने चहा निवायचा.

ढब्बू रांगायला लागली त्या आठवड्यात आत्या स्वतः घरभर रांगल्या. "तिला काय दिसतं ते उभं राहून कसं कळणार?" त्यांनी पसारा समोर मांडला तो असा: एक बटण, पेनाचं टोपण, घड्याळातली चपटी बॅटरी आणि एक दाढ.

"ही कोणाची?" दाढेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाची," मी म्हटलं.

नवऱ्याने पाय सोफ्यावर घेतले. आत्यांनी दाढ मला परत दिली आणि बॅटरी वेगळी काढली. "बाकीचं परवडलं. हे पोटात गेलं तर थेट दवाखाना गाठायचा, घरी बसून वाट बघायची नाही." त्या दिवसापासून घरातल्या झाडून सगळ्या चपट्या बॅटऱ्यांची झाकणं स्क्रूने बंद झाली. आमचं वजनाचं यंत्र तेव्हापासून बंदच आहे, कारण तो स्क्रू आता कोणालाच उघडत नाही. माझी तक्रार नाही.

स्वयंपाकघरातला खालचा एक खण ढब्बूच्या मालकीचा झाला. त्यात लाकडी डाव, झाकणं, प्लास्टिकच्या वाट्या. बाकीच्या खणांना हात लावला की आत्या "नको नको" करत धावायच्या नाहीत, तिचा खण उघडून बसायच्या. दोन मिनिटांत ती तिथे. भरवायला दोन चमचे: एक तिच्या हातात, लढायला; एक आपल्या हातात, भरवायला. सदरा घालताना तिच्या हातात तिचाच मोजा द्यायचा. आणि ती "नाही" म्हणायला शिकल्यावर तिला "जेवतेस का?" असं विचारायचंच नाही, "लाल वाटी की पांढरी?" असं विचारायचं. हे नवऱ्यालाही लागू पडतं असं माझ्या लक्षात आलं. "निळा शर्ट की पांढरा?" विचारायला लागल्यापासून तो वेळेवर कामाला निघतो.

पण मला सगळ्यात आश्चर्य वाटायचं ते एका गोष्टीचं. आत्या उचलत नाहीत म्हटल्यावर ढब्बूने उचलून घेण्याचा नादच सोडला. शेजारपाजारची तिच्या वयाची मुलं दोन्ही हात वर करून उभी राहायची. आमची आत्यांकडे पाठ करायची आणि मालाच्या ट्रकसारखी मागे मागे येत मांडीत लागायची. गादीवरून उतरायचं तर पालथं होऊन, पाय आधी. जिन्याच्या पायऱ्याही तशाच. आत्या दोन पायऱ्या खाली बसायच्या आणि म्हणत राहायच्या, "पाय आधी, डोकं नंतर." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी चालायला शिकायच्या आधी जिना उतरायला शिकली.

पडायचीच, पण. मूल आहे. त्यावरही कारखान्याचा नियम होता: काच फुटली की ओरडायचं नाही, ओरडलं की दुसरी फुटते. ढब्बू आपटली की मी "अगंबाई" म्हणून किंचाळायचे आणि ती माझा चेहरा बघून रडायला लागायची. आत्या आधी बघायच्या, मग ताजी बातमी विचारावी तशा आवाजात म्हणायच्या, "काय झालं?" ढब्बू क्षणभर विचार करायची. खरंच लागलं असेल तर रडायची, नाहीतर उठून पुढच्या कामाला लागायची.

"घेतलं" मात्र माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मी लॅबमधून दमून यायचे, ढब्बू त्यांच्या मांडीत असायची, मी हात पुढे करायचे आणि आत्यांचा तिच्याभोवतीचा हात तसाच.

"म्हण की."

"माझ्याच मुलीची मी पोच देऊ?"

"तुझीच आहे. पण आत्ता कोणाकडे आहे?"

मी दातओठ खात "घेतलं" म्हणायचे. त्या "सोडलं" म्हणायच्या. मग त्या दिवशी पहिल्यांदा पाठ टेकून बसायच्या. दिवसभर त्या कशा बसत असतील ते मला त्यावरून कळायचं, आणि मग राग टिकायचा नाही.

ढब्बू दीड वर्षाची झाली आणि एका रविवारी नवऱ्याचे चुलत भाऊ, त्यांच्या बायका आणि एक मावशी असे सगळे आमच्याकडे आले. घर भरलं. प्रत्येकाने ढब्बूचे गाल ओढले, प्रत्येकाने ती कोणावर गेलीय ते सांगितलं. आत्या कोपऱ्यात जमिनीवर, ढब्बू त्यांच्यापाशी. त्यांना न्हाणीघरात जायचं होतं. नवरा सरबत ओतत होता.

"अरे, हिला घे, मी उठते."

"हो हो," नवरा म्हणाला.

माझ्या नवऱ्याची ही आयुष्यभराची दोन उत्तरं आहेत, एक "हो" आणि दुसरं "हो". आत्या थांबल्या. ते मी बघितलं. त्या "घेतलं"ची वाट बघत होत्या. तेवढ्यात मावशींनी हात देऊन त्यांना उठवलं, "उठा हो, किती वेळ जमिनीवर बसाल." आणि आत्या उठल्या.

पुढे सगळा बारभाईचा कारभार. एक पाहुणा आपली स्कूटर नीट लागलीय का ते बघायला खाली गेला आणि दार नुसतं लोटून गेला. थोड्या वेळाने मी सहज विचारलं, "ढब्बू कोणाकडे आहे?" तर खोलीतल्या प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं.

"तुमच्याकडे होती ना?"

"नाही, मला वाटलं तुमच्याकडे."

मग एकच गोंधळ. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं, पडद्यांमागे बघितलं. मावशींनी फ्रिज उघडून बघितला आणि उघडलाच आहे म्हणून पाण्याची बाटली काढली. सगळे "ढब्बू, ढब्बू" ओरडत होते. मग मला दार अर्धवट उघडं दिसलं. इतकी मी कधी घाबरले नव्हते.

आत्या बाहेर आल्या. एकदा खोलीकडे, एकदा दाराकडे बघितलं. "गप्प बसा," त्या म्हणाल्या, अगदी हळू. आणि सगळे बसले, मावशीसुद्धा.

तेव्हा ऐकू आलं. जिन्यात थप्, मग थोडं थांबून थप्. पायरीवर लहान तळवा पडल्याचा आवाज.

आत्या धावल्या नाहीत. भिंतीला अंग घासत, तिरक्या, त्या जिना उतरल्या, आणि मी त्यांच्या मागे. ढब्बू दुसऱ्या मजल्याच्याही खाली पोचली होती. पालथी, पाय आधी, एकाग्र. आत्यांनी तिला धरलं नाही. धरलं तर सुटेल याची त्यांना भीती. त्या तिच्या बाजूने पुढे गेल्या आणि खालच्या पायरीवर आडव्या बसल्या. सगळा जिना त्यांनी अंगाने बंद केला.

"कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं.

ढब्बूने मागे वळून बघितलं आणि हसली. तिला केसाचाही धक्का लागला नव्हता. मी तिला उचललं आणि "घेतलं" असं इतक्या मोठ्याने म्हटलं की खालच्या शिकवणीवाल्या बाईंनी दार उघडलं.

पाहुणे लवकर गेले. नवरा डोकं धरून बसला होता. "ताई, माझी चूक. मी हो म्हणालो आणि लक्ष दिलं नाही."

"तू घेतलंच नव्हतंस," आत्या म्हणाल्या. "मला कळलं होतं, तरी मी सोडलं. चूक सोडणाऱ्याची असते. हे मी पोरींना जन्मभर शिकवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी दाराशी होती. मी खूप बोलले. तुमच्यामुळेच ती सापडली म्हटलं, तुम्ही शिकवलं म्हणून ती धड उतरली म्हटलं. नवऱ्याने दोरीचा पट्टा सुचवला, मुलाच्या अंगाला बांधायचा.

"दोरी हातातून सुटली तर ती तरी मला कळणारे का?" आत्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला वाटतं मी कालच्यासाठी चाललेय. शब्द दिला होता म्हणून चाललेय, ते आहेच. पण खरं सांगू? ती रांगत होती तोवर मी जमिनीवर बसून निभावलं. आता ती चालते. उद्या बागेत जायचं म्हणेल. रस्त्यात मी तिचा हात धरीन आणि तो सुटेल, आणि मी मोकळी मूठ घेऊन पुढे चालत राहीन. मला कळणारच नाही गं." त्यांनी हात पुढे करून उलटासुलटा केला आणि त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं.

मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना.

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. ढब्बू त्यांच्या पायाला टेकून उभी होती. "हिला घे," त्या म्हणाल्या, "मी निघते."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे अगं."

मी तोंड मिटलेलं. इतकं बोलणारी मी, एक अक्षर बोलले नाही.

आत्या थांबल्या. आम्ही अशाच उभ्या, मध्ये ढब्बू पिशवीचा बंद चावतेय. नवरा सवयीने काहीतरी बोलायला गेला. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो "चहा ठेवतो" म्हणून आत गेला.

"हा काय आचरटपणा?" आत्या म्हणाल्या.

"मी घेतलेलं नाही," मी म्हटलं. "घेतलं नाही तर सोडता येत नाही. नियम तुमचा आहे, माझा नाही."

त्या खाली बसल्या, पिशवीसकट, दारातच, आणि रडल्या. मीही रडले. मी म्हटलं, "आत्या, मला तुम्ही हव्या आहात. हिच्यासाठी नाही, मलाच हव्या आहात." हे मी माझ्या आईलाही कधी म्हटलेलं नाही. ढब्बूने आम्हा दोघींना नीट बघून घेतलं आणि आपला खण उघडायला निघून गेली.

नाक पुसून आत्या म्हणाल्या, "पण रस्त्याचं काय?"

ते त्यांनीच शोधलं. ढब्बूने त्यांचा अंगठा धरायचा, आत्यांनी वरून तिच्या मनगटावर मूठ मिटायची. मुठीत मनगट आहे की नाही हे बोटांना विचारायचंच नाही. दर चार पावलांनी डोळ्यांनी बघायचं. आणि अंगठा सुटला की दोघींनी थांबायचं, असतील तिथे. हे त्यांनी घरातल्या बोळात सुरू केलं, मग जिन्यात, मग इमारतीच्या अंगणात. ढब्बूला तो खेळ वाटला. मुद्दाम अंगठा सोडायची, आत्या थांबल्या की खिदळायची. कितीतरी महिने हे चाललं. बागेत जाताना मी मागे मागे जायचे. मग नुसती कोपऱ्यापर्यंत. मग एका सुट्टीच्या दिवशी, ढब्बूचा दुसरा वाढदिवस होऊन गेल्यावर, आत्या म्हणाल्या, "आज तू येऊ नकोस."

मी खिडकीत उभी राहिले. दोघी खाली दिसल्या. गल्ली संपते तिथे रस्ता आहे. फार रहदारीचा नाही, पण रस्ता तो रस्ता. कडेला येऊन त्या थांबल्या. आत्यांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. एक सायकल गेली. मग त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ.

अंगठा धरलेला होता की नाही हे मला वरून दिसत नव्हतं. त्यांना दिसलं असणार, कारण त्यांनी पाऊल रस्त्यावर टाकलं.